पोच द्यावी, ही विनंती

आमच्या घरी लग्नपत्रिका आली की ती वाचायच्या आधी बाबा तिच्या कोपऱ्यात लाल पेनाने तारीख टाकतात. तारखेखाली 'प्राप्त' असं लिहून बारीक सही करतात, मग ती पत्रिका आईच्या हातात जाते. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली, तरी हाताची सवय गेलेली नाही. नोकरीची बहुतेक सगळी वर्षं त्यांनी सरकारी कार्यालयांतल्या आवक-जावक शाखेत काढली. आलेला कागद घ्यायचा, त्यावर क्रमांक टाकायचा, नोंदवहीत चढवायचा आणि अर्जदाराच्या प्रतीवर शिक्का मारून त्याला पोच द्यायची, एवढंच त्यांचं काम. नुसतं 'एवढंच' म्हटलेलं त्यांना अजून खपत नाही.

लहानपणी मला कंपासपेटी हवी असली तरी अर्ज करावा लागायचा. मीही रीतसर करायचे. 'अर्जदार: आपली मुलगी.' बाबा तो गंभीरपणे वाचायचे, वर क्रमांक टाकायचे आणि वहीच्या फाडलेल्या कागदावर पोच लिहून द्यायचे. कंपासपेटी मिळायची की नाही हा वेगळा विषय, पोच मात्र त्याच दिवशी मिळायची. ती दप्तरात ठेवून मी खुशाल खेळायला जायचे. आपला कागद पोचलाय, आता त्याचा नंबर येईल, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

हे सगळं गेल्या उन्हाळ्यात पुन्हा आठवायची वेळ आली. त्या उन्हाळ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरच्या एका हळदीच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक ओव्हन, दोन तराजू आणि मी. आलेल्या हळकुंडांत ओलावा किती आहे, रंग कसा आहे, भेसळ आहे का, हे मी तपासायचे. फेब्रुवारीत मालकांनी मला चहा पाजला आणि यापुढे नमुने बाहेरच तपासून घेऊ असं सांगितलं. माझ्या खोलीत दुसऱ्याच दिवशी बारदान रचलं गेलं. रसायनशास्त्राची पदवी, सहा वर्षांचा अनुभव आणि हळदीने कायमची पिवळी झालेली नखं घेऊन मी कळमनुरीला घरी येऊन बसले.

आशेला एकच जागा होती. दोन वर्षांपूर्वी एका खरेदीदाराच्या वतीने पुण्याच्या प्रयोगशाळेतून एक मॅडम आमच्या कारखान्याची तपासणी करायला आल्या होत्या. त्यांनी माझी वही चाळली आणि एका पानावर थांबल्या. मोंढ्याच्या बाजारातले जुने व्यापारी हळकुंड कानाजवळ नेऊन मोडतात आणि आवाजावरून माल वाळलाय की नाही ते सांगतात. मी मौज म्हणून त्यांचं म्हणणं एका रकान्यात लिहायचे आणि शेजारच्या रकान्यात ओव्हनने दाखवलेला ओलावा. बहुतेक वेळा दोन्ही जुळायचं, आणि जिथे जुळायचं नाही तिथे काय झालं असावं हेही मी लिहून ठेवलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, हे वहीत कशाला ठेवलंय, त्या साइटवर टाक, मी बघत असते.

'ती साइट' म्हणजे नोकरीधंद्यातल्या माणसांनी एकमेकांशी ओळखी करायची साइट. तिचं नाव लिहीत नाही, जो तिच्यावर गेलाय त्याला कळलंच असेल. मॅडमनी त्याच दिवशी माझी ओळख-विनंती स्वीकारली होती. नोकरी गेल्यावर मी त्यांच्या प्रयोगशाळेत फोन केला. फोन उचलणाऱ्या मुलीने सांगितलं की जूनमध्ये मॅडमच्या विभागात एक जागा भरायची आहे, पण बायोडाटा पाठवू नका, ते ढिगाने येतात. मॅडम आधी साइटवर माणसाचं काम बघतात, मग स्वतःच बोलावतात. तुमचं काम तिथे टाका, मॅडम बघतील.

मला ते फार न्याय्य वाटलं. वशिला नको, ओळखपाळख नको, काम दाखवा. माझ्याकडे दाखवायला काम होतं. जूनच्या आत मॅडमच्या नजरेला ते पडलं की झालं.

मी नुसत्या जुन्या वहीवर भागवलं नाही. डोंगरकडा गावी जाऊन दोन शेतकऱ्यांकडून नमुने आणले. एकाने शिजवलेली हळद ताडपत्रीवर वाळवली होती, दुसऱ्याने सारवलेल्या जमिनीवर. मोंढ्यात जाऊन एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून ती हळकुंडं मोडून घेतली. एक 'खट्ट' वाजलं, दुसरं नुसतंच मोडलं. ओळखीच्या कॉलेजात हातापाया पडून ओव्हन मिळवला. मग चार दिवस बसून पोस्ट लिहिली, मराठीत आणि खाली इंग्रजीत, तक्त्यासह. शेवटी कामाच्या शोधात आहे हेही लिहिलं. टाकली आणि वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ती पोस्ट चौदा जणांना दिसली होती. त्यातल्या एकाने पसंतीचा अंगठा दिला, आणि तो विमा विकणारा निघाला.

मी असं धरून चालले होते की मॅडम माझ्या ओळखीत आहेत, म्हणजे मी लिहिलेलं त्यांना दिसणारच. फळ्यावर लिहिलं की वर्गाला दिसतं तसं. पण मला स्वतःला काय दिसत होतं? एका साहेबांना घरकामाच्या बाईकडून नेतृत्वाचा धडा मिळाला होता, तो दिसत होता. विमानतळावर बुटांचा फोटो काढून त्याखाली चिकाटीबद्दल वीस ओळी लिहिणारा माणूस रोज दिसत होता, मी त्याला ओळखतही नव्हते. शेवटी न राहवून मी मॅडमच्या पानावर गेले. महिन्याभरात त्यांनी नऊ वेळा लिहिलं होतं. मिरची, धणे, हिंग, सगळं माझ्या कामाचं. त्यातलं एकही माझ्यासमोर आलं नव्हतं. त्यांचं मला दाखवत नाहीत, तर माझं त्यांना कशाला दाखवतील?

मग मी जाणकारांचं वाचायला लागले. त्या साइटवर पोस्ट कशी चालवायची हे सांगणाऱ्यांचीच तिथे जास्त गर्दी आहे. कोणी म्हणतं सकाळी टाका, कोणी म्हणतं दुपारी. बाहेरची लिंक दिली की पोस्ट दाबतात म्हणे. स्वतःचा फोटो असला की उचलतात म्हणे. ओळी छोट्या ठेवा, तक्ते नकोत, वाचणारा थांबला पाहिजे. एवढ्या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की पोस्ट आधी मूठभर लोकांना दाखवली जाते, त्यांनी पहिल्या तासाभरात थांबून वाचली, खाली काही लिहिलं, तर ती पुढे सरकते, नाहीतर तिथेच संपते. यातलं खरं किती, कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, हे कोणीच छातीठोक सांगत नाही. सगळे अंदाजाने बोलतात आणि दर दोन महिन्यांनी अंदाज बदलतात. माझा संताप झाला. परीक्षेला बसवायचं, पण विषय सांगायचा नाही, ही कुठली पद्धत?

रोज दुपारी जेवताना बाबा एकच विचारायचे. पोच मिळाली का? मी सांगायचे, चौदा जणांनी बघितलं. मग सतरा. मग एकवीस. त्यांचा त्या आकड्याशी संबंध नव्हता. ज्यांच्या नावे कागद केला त्यांना तो मिळाला की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

"कोणत्या टेबलावर अडकून राहिलंय ते तरी कळतं का?" त्यांनी एकदा विचारलं.

मी म्हटलं, टेबल नाही बाबा, यंत्र ठरवतं कोणाचं कोणाला दाखवायचं. ते त्यांना पटेना. यंत्राला कोणीतरी सांगितलं असेल ना, म्हणाले. आणि मग, खरोखर दुखावल्यासारखे:

"पण क्रमानं काहून न्हाई दाखवत? जो आधी आला तो आधी. एवढं सोपं हाये."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मूठभर लोक, पहिला तास, खाली कोणी लिहिलं तरच पुढे. आता त्या साइटवर मराठी भाषा निवडली की 'कमेंट'ला 'टिप्पणी' म्हणतात. बाबांनी माझ्या फोनवर तो शब्द पाहिला आणि त्यांचा चेहराच उजळला. सरकारी कार्यालयात टिप्पणी म्हणजे गंमत नव्हे. फाईल साहेबांपुढे ठेवताना कारकुनाने लिहिलेली रीतसर नोंद, तिच्यावर निर्णय होतो. टिप्पणीशिवाय फाईल वर जात न्हाई, आमच्याकडं बी तसंच व्हतं, ते म्हणाले. त्यांना लगेच कळलं म्हणून मला बरं वाटलं. इथे मी चुकले.

पहिल्या तासात लिहिणारं आणखी एक माणूस होईल, एवढाच हिशोब करून मी त्यांना खातं काढून दिलं. नावाखाली काय लिहू विचारलं तर म्हणाले, 'सेवानिवृत्त आवक-जावक लिपिक'. तसं लिहिलं.

मधल्या काळात मी शरणागतीही पत्करून पाहिली. हळदीच्या ढिगाजवळ उभी राहून फोटो काढला आणि खाली तीन ओळी लिहिल्या, वाळायला वेळ लागतो, हळदीलाही आणि माणसालाही. ती शेकडो लोकांना दिसली. कोणी लिहिलं प्रेरणादायी, कोणी लिहिलं खूप खोल. त्यात कामाचा एक शब्द नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि मॅडमचा त्यातही पत्ता नव्हता. मी त्यांना थेट निरोपही पाठवला होता. तो न उघडता पडून होता.

मग मी मूळ पोस्टच पुन्हा नीट लिहिली, तक्ता काढून टाकला, ओळी छोट्या केल्या आणि सकाळी टाकली. आईबरोबर भाजी आणायला गेले. परत येऊन बघते तर बाबांची टिप्पणी सादर झाली होती.

'विषय: हळकुंडातील ओलाव्याबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, पोस्टकर्ती ही अधोस्वाक्षरीकर्त्याची कन्या असून सदर काम तिने स्वतः केले असल्याची अधोस्वाक्षरीकर्त्यास व्यक्तिशः माहिती आहे. तरी सदर पोस्ट माननीय मॅडम यांच्या अवलोकनार्थ विनाविलंब सादर व्हावी. पोच द्यावी, ही विनंती.'

मॅडमचं नाव पूर्ण, आडनावासकट. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि तारीख.

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मी म्हटलं, बाबा, हे काढून टाका. ते म्हणाले, एकदा लिहिलेली टिप्पणी फाडत नसतात, चूक झाली असेल तर खाली दुसरी लिहायची असते. चूक कुठे आहे ते दाखव. चूक दाखवता येईना. भाषा बिनचूक होती, विनंती खरी होती, आणि पहिल्या तासातही होती. मी ती तशीच राहू दिली. जाणकारांच्या म्हणण्याप्रमाणे निदान कोणीतरी लिहिलं, तर पोस्ट हलेल, अशी थोडी हावही मला सुटली होती, हे कबूल करते.

पोस्ट हलली नाही. आठ दिवसांनी तिच्याखाली 'स्मरणपत्र क्रमांक एक' आलं. त्याच्या आठ दिवसांनी, पुन्हा मॅडमच्या पूर्ण नावासकट, 'स्मरणपत्र क्रमांक दोन': 'याबाबत माननीय मॅडमचे लक्ष यापूर्वी दोन वेळा वेधण्यात आलेले आहे. तथापि अद्याप पोच अप्राप्त आहे. ही बाब योग्य नाही. कृपया आपल्या स्तरावरून तपासणी व्हावी.'

त्या दिवशी आमचं भांडण झालं. मी नको ते बोलले. तिथे कोणी साहेब बसलेला नाही, तुम्ही भिंतीला अर्ज करताय, असं म्हटलं. बाबा शांतपणे म्हणाले की भिंत असती तर बुटवाल्या माणसाचं रोज कसं दाखवलं असतं. आईने दोघांनाही उठवून आंबे निवडायला बसवलं.

मे संपत आला होता. एका दुपारी कॉलेजातल्या मैत्रिणीने मला एक चित्र पाठवलं आणि सोबत लिहिलं, बघ किती गोड. ते बाबांचं स्मरणपत्र क्रमांक दोन होतं. त्या साइटवर ऑफिसातला पत्रव्यवहार शिकवणाऱ्या कोणा माणसाने त्याचा स्क्रीनशॉट काढून टाकला होता, आणि वर इंग्रजीत लिहिलं होतं की पाठपुरावा शिकायचा तर यांच्याकडून शिका. भला माणूस असावा, कारण बाबांचं नाव आणि मॅडमचं नाव त्याने करड्या रंगाने पुसून टाकलं होतं. वरची माझी पोस्ट कापून टाकली होती, ती त्याच्या कामाची नव्हती.

ते चित्र हजारो लोकांना आवडलं होतं. काय काय लिहिलं होतं लोकांनी खाली. माझे वडीलही असेच, कोणाला हे काका आमच्या ऑफिसात हवे होते, 'ही बाब योग्य नाही' हे वाक्य कोणी टी-शर्टवर छापायला निघाला होता. मी साइट उघडली तर सगळ्यात वर तेच. जी साइट माझं काम मॅडमना दोन महिने दाखवत नव्हती, तिने ते चित्र मला न मागता, पहिल्या क्रमांकावर आणून ठेवलं. माझ्या पोस्टवर गेले. ती होती तिथेच होती, तीस-बत्तीस जणांवर.

ज्यांनी ज्यांनी ते चित्र पाहून खूण केली होती त्यांची यादी मी वाचायला घेतली. का घेतली ते सांगता येत नाही. अर्धी दुपार मी अंगठ्याने ती यादी ओढत होते. आणि मॅडमचं नाव सापडलं. त्यांच्या फोटोशेजारी हसणारा पिवळा चेहरा.

म्हणजे स्मरणपत्र त्यांना मिळालं होतं. ज्यांच्या नावे काढलं होतं त्यांनाच मिळालं, त्यांनी ते वाचलं, आणि त्या हसल्या. करड्या पट्ट्याखाली आपलंच नाव आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. ते वाचून मलाही हसू आलं असतं, बाबा माझे नसते तर. राग फार आला होता, आणि तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. मॅडमवर नाही. पुसणाऱ्या माणसावर नाही, त्याने तर शिष्टाचार पाळला. बाबांवर तर नाहीच. यंत्रावर काढावा तर ते काही मुद्दाम करत नव्हतं. लोक कशापाशी थांबतात ते त्याने पाहिलं, आणि लोक हळदीच्या ओलाव्यापाशी थांबत नाहीत, म्हाताऱ्या कारकुनापाशी थांबतात.

मी त्या चित्राखाली लिहिलं. हे माझे वडील आहेत, पुसलेलं नाव तुमचं आहे मॅडम, आणि ज्या कामाबद्दल ते लिहीत आहेत ते काम हे इथे आहे. माझ्या पोस्टची लिंक दिली. माझ्या फोनवर ते सगळ्यात वर दिसत होतं. मी मैत्रिणीला फोन करून तिच्या फोनवर बघायला सांगितलं. ती खाली खाली जात राहिली आणि तिला ते सापडेना. साइट आधी 'सर्वांत सुसंगत' टिप्पण्या दाखवते, बाकीच्या कुठेतरी तळाशी. माझी टिप्पणी साइटच्या लेखी सुसंगत नव्हती. तिथे बोलणाऱ्या सगळ्या माणसांत त्या कागदाशी खरोखर संबंध असलेली मी एकटी होते, आणि मी विसंगत ठरले. तरीही मला माझी टिप्पणी वर दाखवत होते, म्हणजे मी समाधानी राहावं.

मॅडमना दुसरा निरोप पाठवला. तोही पहिल्याखाली तसाच जाऊन बसला. प्रयोगशाळेत पुन्हा फोन केला, तर आता दुसरीच मुलगी होती, ती म्हणाली कळवते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मॅडमची एक पोस्ट मला दिसली. वर्षभरात मला आपणहून दिसलेली त्यांची ती पहिलीच. विभागात नवीन सहकारी रुजू झाल्याचा आनंद त्यांनी त्यात कळवला होता, आणि खाली अभिनंदनांची रीघ लागली होती म्हणून ती माझ्यापर्यंत आली. मला लिहिण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून साइटने खाली तयार 'अभिनंदन' ठेवलं होतं, नुसतं बोट लावायचं बाकी. मी फोन पालथा ठेवला आणि ओसरीवर जाऊन बसले.

घरी मी सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच. पण दोन दिवसांनी दुपारी त्यांनी मला हाक मारली. ते फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते. कोणीतरी त्यांनाही ते चित्र पाठवलं होतं. वरचं इंग्रजी त्यांनी सोडून दिलं होतं. नावं पुसलेली पाहून त्यांना वाटलं प्रकरण गोपनीय केलं असावं. आणि माझ्यासारखीच त्यांनीही ती यादी वाचून काढली होती, एकेक नाव, बोट ठेवून. नोंदवह्या तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस तो, त्यांना मॅडमचं नाव सापडायचंच होतं.

"ही पोच हाये का?" त्यांनी पिवळ्या चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं.

जागा भरली गेली, आणि मॅडम तुमच्यावर हसल्या, हे मला त्यांना सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, हो बाबा, पोच आहे. मॅडमनी बघितलं. आणि हसून दाखवलं. ते आता आत जाऊन लाल पेन आणतील आणि कॅलेंडरवर 'प्राप्त' लिहितील असं मला वाटलं. तेवढ्यावर हा विषय मिटावा अशी माझी इच्छा होती.

बाबांनी चष्मा काढून हातात धरला.

"मंग काई खरं न्हाई, माय," ते म्हणाले.

मी विचारलं, असं का. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. एका जुन्या नेमणुकीच्या गावी जवळा बाजार गावाकडची एक बाई त्यांच्याकडे यायची. शेजाऱ्याने तिच्या शेतात जायची वाट नांगरून टाकली होती, त्याचा अर्ज होता. शेजारी वजनदार होता. वरून सांगणं आलं होतं की हा कागद खाली ठेवा. बाबांनी ठेवला. नवा कागद आला की तो वर, आणि तिचा गठ्ठ्यात सगळ्यात तळाशी. बाई दर आठ-पंधरा दिवसांनी नवा अर्ज घेऊन यायची. दर वेळी बाबा क्रमांक टाकायचे, ठळक शिक्का मारायचे आणि पोच तिच्या हातात द्यायचे. ती प्रत्येक पोच प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवायची. जाताना हात जोडायची.

"पोच दिली की मानूस शांत घरी जातं," बाबा म्हणाले. "म्हनून तं देत व्हतो."

मला माझी कंपासपेटी आठवली. त्यांनाही आठवली असावी, कारण त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. इतके दिवस मी ज्या यंत्राला शिव्या देत होते त्याची सगळी कारागिरी मला या माणसाने लहानपणीच दाखवली होती, आणि मी खुशाल खेळायला जात होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आलाही, पण उन्हाळाभर त्यांनी माझ्यासाठी लिहिलेली ती स्मरणपत्रं मध्ये आली, आणि मला नुसतंच रडू फुटलं.

रडणं ओसरल्यावर मी विचारलं, त्या बाईचा कागद शेवटी वर आला का?

"मी काढला असता तं आला असता."